पाय मोजायचे राहिले

"तुला यातलं कळतं ना? बघ बरं, याला काय लागलंय," शेजारच्या बाई कुंपणाच्या पलीकडून फांदी खाली ओढून धरत म्हणाल्या. जूनमधली संध्याकाळ होती. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि फांदी हलली की पानांवरचं पाणी त्यांच्या बाहीवर टपटपत होतं. मी त्यांना नावानेच हाक मारते, व्हर्जिनियात तशीच रीत आहे, पण त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि मराठीत त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की बोटं आपोआप अहो-जाहोकडे वळतात. माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती. मी दोन पावलं पुढे झाले, पानावर हिरवं काहीतरी वळवळताना दिसलं, आणि जागेवरूनच सांगून टाकलं, "अळी आहे. बीटी मिळतं बाटलीत, ते फवारा. जाईल." त्या समाधानाने हसल्या आणि त्यांनी फांदी सोडली. पाण्याचे चार थेंब माझ्याही अंगावर उडाले. एवढंच झालं.

दहा-बारा दिवसांनी त्या पुन्हा कुंपणाशी भेटल्या. बाटली आणली होती, त्यावरच्या सूचना चष्मा लावून वाचल्या होत्या, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून, एका आठवड्यात दोनदा फवारणी केली होती. अळ्या कमी झाल्या नव्हत्या. उलट खालच्या दोन फांद्यांवर आता पानांच्या नुसत्या मधल्या शिरा उरल्या होत्या, मासा खाल्ल्यावर ताटात काटा उरावा तशा. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "प्रमाण घेताना माझंच काहीतरी चुकलं असेल." हे वाक्य घेऊन मी घरात आले आणि रात्री भांडी घासताना, दिवे मालवताना, अंथरुणावर पडल्यावरही ते माझ्याबरोबर होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे तेव्हा मला सिद्ध करता आलं नसतं, पण आतून पक्कं माहीत होतं.

मी ते उत्तर इतक्या सहज का दिलं, याचा विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं की ते उत्तर माझं नव्हतंच. ते कापसाच्या पट्ट्यातून आलं होतं. मी लहान असताना बोंडअळी हा घरातला शब्द होता, आजारी माणसाचं नाव घ्यावं तसा घेतला जाणारा. फवारणी करून आलेल्या माणसांच्या कपड्यांना जो उग्र वास असायचा तो आजही नाकाने ओळखेन. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि पहिली काही वर्षं तरी अळी म्हटली की बीटी ही जोडी आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी बसली. नंतर गुलाबी बोंडअळीने त्या जोडीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच. पण लहानपणी तोंडी बसलेलं तिथून निघत नाही. परक्या देशात, परक्या झाडावर, कुठलीशी हिरवी वळवळ दिसली आणि तीच जोडी माझ्या तोंडून बाहेर पडली.

मी अळीकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन गेले. दहापट मोठं दाखवणारं, बोटाएवढं भिंग आहे माझ्याकडे. ते डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि पान त्याच्याजवळ आणायचं, तेव्हा कुठे स्पष्ट दिसतं. अळी जेमतेम सेंटिमीटरभर होती, कोवळ्या वाटाण्याच्या सालीसारखी हिरवी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळसर पट्टा, डोळ्यावरूनच गेलेला, आणि छातीच्या पायांच्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडीच्या वर इंग्रजी टी अक्षरासारखी तपकिरी खूण. मग मी पाय मोजायला लागले. छातीवरचे तीन जोड हे खरे सांध्यांचे पाय, ते सगळ्यांनाच असतात. खरा हिशोब पोटाखाली सुरू होतो. तिथले मऊ, मांसल, खोटे पाय फुलपाखरा-पतंगाच्या अळीला जास्तीत जास्त पाच जोड असतात. सहा किंवा त्याहून जास्त जोड निघाले की ती अळी फुलपाखराची नाही, पतंगाचीही नाही, ती करवत माशीची. माझी अळी पानाची कुरतडलेली कड धरून बसली होती, त्यामुळे मोजणी तीनदा चुकली. चौथ्यांदा काडीने हलकेच एका बाजूला वळवली. पाचाच्या पुढे गेले.

करवत माशी म्हणजे सॉफ्लाय. ती खरं तर माशी नाहीच, गांधीलमाशी, मुंगी, मधमाशी यांच्या कुळातली आहे, आणि त्या कुळातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक. तिला गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नसते आणि ती डंखही मारत नाही. मादीचं अंडी घालायचं अवयव करवतीसारखं दातेरी असतं, त्याने ती पानाला चीर पाडते आणि चिरेत अंडं ठेवते, नाव त्यावरून पडलं. आणि बीटी? ज्या बीटीच्या बाटल्या अळ्यांसाठी विकल्या जातात तो जिवाणू फुलपाखरा-पतंगाच्या अळीच्या पोटात गेला की त्यातलं प्रथिन आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतं. करवत माशीच्या अळीवर त्याचा उपयोग होत नाही. बाईंनी प्रमाण अगदी बरोबर घेतलं होतं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून त्यांनी दोन वेळा, अत्यंत काळजीपूर्वक, चुकीचं औषध मारलं होतं, कारण मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली नव्हती.

हे वाचताना मला परसातला मुळ्याचा वाफा आठवला. थंडीत मुळ्याच्या आणि मोहरीच्या पानांवर काळपट हिरव्या अळ्या पडायच्या. बोट लावलं की त्या अंगाचं वेटोळं करून टपकन मातीत पडायच्या आणि मेल्यासारख्या पडून राहायच्या. आम्हा पोरांचा तो खेळच होता. त्या मोहरीवरच्या करवत माशीच्या अळ्या होत्या, पोटाखाली आठ जोड पायांच्या. म्हणजे ज्या प्राण्याला मी आता भिंगातून पहिल्यांदा भेटतेय असं समजत होते, त्याच्या भाऊबंदांना मी सातव्या-आठव्या वर्षीच बोटाने ढोसलं होतं. आई त्यांना नुसतं 'मुळ्यावरच्या' म्हणायची. कढीपत्त्यावरची हिरवी अळी तिला वेगळी, रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची वेगळी. किड्याला ती कधी त्याच्या नावाने ओळखत नव्हती, झाडाच्या नावाने ओळखायची. तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं. पुढे कीटकशास्त्राची पुस्तकं उघडली तर तिथेही पहिला प्रश्न तोच निघाला. कोणत्या झाडावर आहे?

आणि इथेच मी अडकले, कारण ते झाड कोणतं हे मला माहीत नव्हतं.

सात वर्षं त्या झाडाच्या सावलीत माझी गाडी उभी असते. त्याचा पाचोळा मी सात हिवाळ्यांच्या तोंडावर गोळा केला आहे. आमच्या बोलण्यात ते 'कुंपणाचं झाड' होतं. बाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, लावलेलं नाही, बी उडून आलं असणार, सावली बरी पडते म्हणून राहू दिलं, बर्च असावं. मीही बर्च समजूनच चालले होते. आता एक पान तोडून टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवलं. लांबट अंडाकृती, शिरा कंगव्याच्या दात्यांसारख्या समांतर, आणि कड दुहेरी दातेरी, म्हणजे मोठ्या दात्याच्या पाठीवर पुन्हा छोटे दाते. इथपर्यंत बर्चही चालला असता. मग देठाशी नजर गेली. पानाची एक बाजू देठावर जिथे टेकते, तिच्याहून दुसरी थोडी खाली येऊन टेकते. घाईत गुंड्या लावलेल्या शर्टासारखं, एक बाजू वर एक खाली. दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. सगळी तशीच तिरकी.

एल्म. नाव सापडलं तेव्हा त्याच्या कुळाची यादी खाली होती, आणि त्या यादीत वावळ होता. इंग्रजीत त्याला इंडियन एल्म म्हणतात हे मी कधीतरी वाचून विसरले होते. पण वावळ मी विसरणं शक्य नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या पापड्या उडायच्या, कागदी, गोल, मधोमध बी असलेल्या चकत्या. वाऱ्याची झुळूक आली की शाळेच्या मैदानावर त्यांचा सडा. चकती बोटांनी चोळून पंख उडवून द्यायचा आणि आतलं बी खायचं, चारोळीच्या वाटेने जाणारी चव. पान चुरगळलं तर मात्र घाण वास, आणि तो चुरगळलेला पाला आम्ही एकमेकांच्या नाकाला लावायचो. बाईंच्या अंगणात एप्रिलमध्ये ज्या बारीक, केसाळ कडेच्या, टोकाला खाच असलेल्या चकत्या पडतात, ज्या मी दरवर्षी गाडीच्या काचेवरून वायपरने ढकलते, त्या त्याच पापड्यांच्या चुलत बहिणी होत्या. मी टेबलाशी बसून राहिले. सात वर्षं हे झाड मला ओळख देत होतं आणि मी काच पुसत होते.

कोणता एल्म, हेही मग धसाला लावलं. खोडाची एक सुटी खपली काढून तिरकी मोडली तर आत फिकट आणि तांबूस असे आलटून पालटून थर दिसले, प्लायवूडच्या तुकड्यासारखे. ही अमेरिकन एल्मची खूण. जुन्या छायाचित्रांत इथल्या गावांच्या रस्त्यांवर दोन्हीकडून वर जाऊन मधे भेटणाऱ्या कमानी दिसतात ना, ती हीच झाडं. त्यातली बहुतेक डच एल्म रोगाने गेली. 1930 मध्ये तो ओहायोत सापडला, सालीखाली राहणारे भुंगेरे त्याची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. नाव डच, पण रोग नेदरलँड्सचा नाही. तिथे बेआ श्वार्ट्झ नावाच्या तरुण संशोधिकेने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची बुरशी शोधून काढली, पुढे ख्रिस्तिने बाउसमननेही त्यावर काम केलं, आणि ज्यांनी आजार ओळखला त्यांच्याच देशाचं नाव आजाराला चिकटलं. हे मला कुठेतरी फार लागलं. बायांनी बरोबर ओळखलं, त्याची ही परतफेड.

झाड सापडल्यावर किडा पाच मिनिटांत सापडेल असं वाटलं होतं. एल्मवरची करवत माशी शोधली तर 'एल्म सॉफ्लाय' असं चक्क नावच हजर. पण ती इथलीच, मूळची, आणि तिची अळी करंगळीएवढी लांब, फिकट, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. माझी अळी तिच्यासमोर शेवयीचा तुकडा. दुसऱ्यांदा घाईने शिक्का मारायच्या आधी मी परत झाडाकडे गेले. आणि या वेळी अळीकडे न बघता अळीने काय केलंय ते बघितलं.

खालच्या फांद्या उजाड झाल्या होत्या, तिथे काही कळत नव्हतं. वरच्या, नुकत्या लागण झालेल्या पानांवर मात्र ते होतं. पानाच्या कडेपासून, दोन शिरांच्या मधून, आत निघालेली एक बारीक कोरीव वाट. थोडी डावीकडे, मग टोकदार वळण, थोडी उजवीकडे, पुन्हा वळण. नागमोडी म्हणावं तर नागाच्या चालीत गोलाई असते, इथे प्रत्येक वळण कोनात तुटलेलं. साडीला पिको करताना मशीनची सुई जशी इकडून तिकडे उड्या मारत जाते, तशी. सुरुवातीला दोऱ्याइतकी बारीक, आणि अळी मोठी होत गेली तशी वाटही रुंद होत गेलेली. वाटेच्या शेवटी अळी स्वतः, अंग कडेला लावून, इतकी हिरवी की पानाचीच शीर वाटावी. मी ते पान उन्हासमोर धरलं आणि त्या वाटेतून आरपार आलेला झिगझॅग उजेड माझ्या मनगटावर पडला. या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. झाड खाल्लं जात होतं, आणि मी तिथे उभी राहून आनंदाने शहारले होते. त्याची टोचणी नंतर लागली, पण आनंद आधी झाला.

झिगझॅग कोरणारी ती एल्म झिगझॅग सॉफ्लाय. शास्त्रीय नाव अप्रोसेरोस ल्यूकोपोडा, म्हणजे पांढऱ्या पायांची. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या नमुन्यांवरून ताकेउची यांनी 1939 मध्ये तिचं वर्णन केलं. पूर्व आशियात ती एल्मवर जगत आलेली. 2003 मध्ये ती पोलंड आणि हंगेरीत दिसली, तिथून युरोपभर वर्षाला 45 ते 90 किलोमीटर अशा वेगाने सरकत 2017 मध्ये इंग्लंडला पोचली. अटलांटिकच्या या बाजूला पहिली नोंद 2020 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची, आणि ती कुणा सरकारी पाहणीत झालेली नाही, एका हौशी निसर्गनिरीक्षकाला पानावरची ती वाट दिसली म्हणून झाली. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, व्हर्जिनिया. काही वाटचाल तिने स्वतः उडून केली, काही रोपांबरोबर, गाड्यांबरोबर. सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे तिच्यात नर कुणाला सापडलेलाच नाही. सगळ्या माद्या. जोडीदार लागत नाही, प्रत्येक मादी अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच. त्यामुळे एखादी जरी कुठे उतरली तरी वसाहत उभी राहायला पुरते. एक पिढी साधारण महिन्याभरात, आणि युरोपात वर्षाला चारपर्यंत पिढ्या मोजल्या आहेत.

त्या आठवड्यात रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी वीस मिनिटं झाडाखाली घालवली. तिसऱ्या सकाळी ती दिसली. सहा-सात मिलिमीटरची, चकचकीत काळी, पंख धुरकट, पाय मात्र फिकट, पांढुरके. भिंगातून तिच्या स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दिसल्या. त्यांना तीनच खंड, पहिले दोन टिकलीएवढे आणि तिसरा लांबलचक, हीसुद्धा तिच्या कुटुंबाची ओळख. ती पानाच्या कडेवर चालत होती, एकेक दाता चाचपत. एका दात्याच्या टोकाशी थांबली, पोटाचं टोक खाली वळवलं, आणि काही वेळ अगदी निश्चल. पानाचे हेच दाते दोन आठवड्यांपूर्वी मी पांढऱ्या कागदावर ठेवून मोजले होते, झाडाचं नाव शोधायला. तिलाही झाडाची खात्री दातेरी कडेवरूनच होते की काय कोण जाणे. ती पुढच्या दात्याकडे गेली तेव्हा मागच्या टोकाशी बारीकसा फुगवटा उरला होता. चिमटीत धरून मी तो दाता खुडू शकले असते. त्या सकाळी खुडला नाही. दुसऱ्या दिवसापासून हाताला लागतील तेवढे खुडले.

काही पानं, काही अळ्या आणि पानाच्या पाठीला चिकटलेला एक कोष असं सगळं नीट डबीत घालून काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात नेऊन दिलं. उन्हाळ्यातला तो कोष बघण्यासारखा असतो, जाळीदार, विरळ विणलेल्या पिशवीसारखा, आतली हिरवी आकृती दिसते. हिवाळ्यासाठी मात्र ती पाचोळ्यात, मातीत, जाड भिंतीचा बंद कोष करते. माझी ओळख बरोबर असल्याचं उत्तर आलं. पुढे लिहिलं होतं की मोठं, धडधाकट झाड एका उन्हाळ्याच्या पानगळीने सहसा मरत नाही, पुन्हा पालवतं, पण वर्षामागून वर्ष असंच होत राहिलं तर थकतं. उन्हाळ्यात कोरड पडली तर पाणी द्या आणि खालचा पाचोळा उचलत राहा. शेवटी एक ओळ होती, एल्मवर बीटी फवारू नका, क्वेश्चन मार्क नावाच्या फुलपाखराच्या अळ्याही याच झाडावर वाढतात.

ही ओळ वाचून मी बाईंच्या दाराशी गेले. बेल वाजवेपर्यंत काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, दार उघडल्यावर ते सगळं गेलं. मी म्हटलं, प्रमाण तुमचं बरोबर होतं, नाव माझं चुकलं होतं. मी न बघता सांगितलं. आणि त्या फवाऱ्याने करवत माशीला काही झालं नाही, पण ज्यांना व्हायला नको होतं अशा दुसऱ्या अळ्या मेल्या असतील. त्यांनी ऐकून घेतलं. 'असू दे' म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं. थोड्या वेळाने विचारलं, "मग बर्च नाही तर हे?" मी एल्म म्हणताच त्या दारातून बाहेर आल्या, चपला न घालता, आणि झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणच्या घरासमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी एल्म होते. त्या नऊ वर्षांच्या असताना एका आठवड्यात सगळे कापले. करवतींचा आवाज शाळेत ऐकू यायचा, आणि घरी आल्यावर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलेलं होतं. "आणि हा इथे माझ्या कुंपणाला," त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं."

त्या शरदात आम्ही दोघींनी मिळून पाचोळा उचलला. ओला, जड, मातकट वासाचा. पाचोळ्याच्या अठरा पिशव्या भरल्या. माझं भिंग त्यांना आवडलं म्हणून ते मी त्यांच्याकडेच ठेवलं आणि माझ्यासाठी दुसरं घेतलं. एप्रिलमध्ये पापड्या पडायला लागल्या तेव्हा मी त्यांना पंख चोळून बी कसं काढायचं ते दाखवलं. चव वावळाच्या जवळपासही नव्हती. त्या म्हणाल्या गवतासारखं लागतंय, आणि आणखी दोन खाल्ल्या.

मे संपता संपता एक दिवस गाडीतून उतरत होते तर कुंपणापलीकडून हाक आली. त्यांच्या एका हातात फांदीचं टोक होतं, दुसऱ्या हातात भिंग. वरच्या पानांवर झिगझॅग वाटा पुन्हा दिसू लागल्या होत्या, त्या त्यांनी आधीच मोजून ठेवल्या होत्या, अकरा. पण हाक त्यासाठी नव्हती. खालच्या एका पानाच्या पाठीला एक काळपट अळी होती, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेली. "ही वेगळी आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंग डोळ्याला चिकटवून, ओठ हलवत, त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा मोजलं. "पोटाखाली पाचच जोड."

मी पिशवी खाली ठेवली आणि मोजले. पाचच होते. त्यांनी फांदी एकदम सोडली नाही, हाताने सावकाश वर नेऊन मगच सोडली.